बाजारापतुर ऱ्हाउंदे

मी त्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते थेट कपाटावर.

एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक, एस.टी.नं अंग पार खिळखिळं केलेलं, आणि उंबरा ओलांडते न ओलांडते तोच आतून आवाज आला, "आवं बाई, आदी त्या कपाटावनं बाजूला व्हा." मी दचकून खाली पाहिलं. छान शेणानं सारवलेली जमीन आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीनं आखलेला एक लांबट चौकोन, कबड्डीचं मैदान आखतात तसा. माझे दोन्ही पाय त्या चौकोनाच्या बरोब्बर आत.

"कुठलं कपाट?" मी विचारलं.

"त्येच की, तुमी ज्याच्यात हुब्या हायसा," असं म्हणत एक उंच, काटक बाई बाहेर आली. तिनं आधी माझ्याकडं नव्हे, माझ्या पायाकडं पाहिलं, वाकून विस्कटलेली रेघ बोटानं नीट केली, आणि मग कुठं माझ्या हातातली वळकटी घेतली. ती आक्का. माझी घरमालकीण.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याची, नुकतीच डी.एड. झालेली, आणि पहिली नेमणूक मिळाली ती कडेगावच्या अलीकडच्या एका गावात. आईनं बजावून पाठवलं होतं, की जागा बघशील ती चांगल्या माणसांत बघ. माणसं चांगली होती हो. पण त्यांचं कपाट दिसत नव्हतं, त्याला मी काय करणार? पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण चुकून भलत्याच घरात शिरलो. आज विचाराल तर सांगते, उभ्या जन्मात त्या घरासारखं घर मला मिळालं नाही आणि आक्कासारखी बाईही नाही. तिची आठवण काढायला बसले की माझं मलाच आवरत नाही, कुठून सुरू करू आणि काय सांगू असं होतं. तर आधी त्या फक्कीचंच सांगते.

आक्काचे यजमान फौजेत हवालदार होते, दूर कुठंतरी वरच्या अंगाला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. थोडा ऊस होता, तो दीर बघायचे. घरात आक्का आणि तिची लेक, बेबी. महिन्याची मनिऑर्डर आणि वर्षाकाठी कारखान्याचं उसाचं बिल, एवढ्यावर सगळा संसार, आणि तो हाकायचा आक्कानं एकटीनं.

हे घर बांधायच्या वेळी गवंड्यानं जमिनीवर फक्की मारून खोल्या आखून दिल्या आणि पाया खणायची माणसं यायला उशीर झाला. तेवढ्या दिवसांत आक्का रोज सकाळी जाऊन त्या रेघांच्या घरात हिंडायची. इथं चूल, इथं जातं, इथून परसात जायचं. हिंडता हिंडता तिच्या ध्यानात आलं, की पुढची मोठी बैठकीची खोली, जी हवालदारांनी पत्रात मोठ्या हौसेनं लिहून कळवली होती, तिच्यात आपलं पाऊल एकदाही पडलेलं नाही. गवंडी आला तेव्हा आक्का पायानं ती खोली पुसत होती. "हिच्यावाचून माजं काय अडंना," म्हणाली. त्या खोलीच्या दगडात गोठा झाला.

झालं. तेव्हापासून बाईला तो नादच लागला. घरात काही घ्यायचं मनात आलं, की ती वस्तू आधी फक्कीनं काढायची. जिथं ठेवायची तिथं, जेवढी असेल तेवढी. जमिनीवर ठेवायची असेल तर जमिनीवर, भिंतीवर लावायची असेल तर भिंतीवर. आणि मग ह्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत सगळ्यांनी ती वस्तू आहे असं समजून वागायचं. वळसा घालून जायचं, तिच्यावर पाय द्यायचा नाही. बाजार रविवारी भरायचा. रविवारी सकाळी आक्का रेघांपाशी उभी राहायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कुनाचं काय अडलं का?"

अडलं असेल तर ती नड. मग पोटाला चिमटा काढून का होईना, आक्का ती वस्तू आणायचीच. नाही अडलं तर ती हौस. हौस पायानं पुसायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई कंजूष असणार. अजिबात नाही हं. हे मीच पहिल्या महिन्यात तिला तोंडावर म्हणाले, तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "हौस काय पाप हाय व्हय, बाई? हौसंबिगर मानूस म्हंजी वाळका ऊस. पर हौसंनं नडीच्या म्होरं पळू न्हाई. नडीला हुब्या जागी ऱ्हायची सवय असती. हौस मातर लय पळती." आणि खरंच, वर्षातून एकदा, उसाचं बिल आलं की ती एक हौस करायचीच. फक्त तीसुद्धा रांगेत उभी राहून यायची.

भिंतीवर एक गोल होता, ते घड्याळ. ते नापास झालं, कारण आठवडाभर त्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलंच नाही. वेळ बघायची तर सगळं गाव विट्याच्या गाडीवर बघायचं. माझ्या पायाखालचं कपाटही नापास झालं. "कापडं मूठभर आन कपाट हत्तीयेवडं," असं म्हणून आक्कानं दोन पायांत ते भुईसपाट केलं. पण शिलाईचं मशीन मात्र पहिल्या फटक्यात पास झालं, कारण बेबी त्या रेघांपाशी बसून हातानं टाके घालायची आणि दर टाक्याला तिचं कोपर बरोबर मशीन असतं तिथंच जायचं. आक्कानं ते बघितलं आणि रविवारची वाटसुद्धा बघितली नाही.

मलाही या चाळणीतून जावं लागलं. मला ट्रान्झिस्टर हवा होता. पगार माझा, खोली माझी, पण आक्कानं नुसतं ऐकलं मात्र, लगेच कमरेची जुनी चंची काढली. तिच्यात पानसुपारीऐवजी फक्की असायची. माझ्या खिडकीशेजारच्या फळीवर तिनं एक सुबक चौकोन काढला. वर दोन गोल बटणंसुद्धा काढली, मी विसरू नये म्हणून. "बाजारापतुर ऱ्हाउंदे," म्हणाली. पहिल्या दिवशी मी त्या चौकोनाकडं मोठ्या प्रेमानं पाहिलं. मग त्याच्यावर माझा कंगवा गेला. मग पावडरचा डबा. मग मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. रविवारी आक्का आली, फळीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"रेडिओच्या बोकांडी वह्या ठेवताय व्हय? आवं बाई, तुमास्नी रेडिओ न्हाई, टेबल लागतंय. मांडीवर वह्या घिऊन पाठ मोडून घेताय की वं."

मला टेबल लागतंय हे मला स्वतःला माहीत नव्हतं, विश्वास ठेवा. सुताराकडून ते करून घेतलं आणि पाठदुखी पळाली. ट्रान्झिस्टरचं तिनं काय केलं? पुसला नाही. "ऱ्हाउंदे, ही हौस चांगली हाय," म्हणाली, आणि दिवाळीत मला तो घ्यायला लावला. गाणी लागली की सगळ्यात आधी तीच येऊन बसायची.

गावाला आधी हसू यायचं. मग उसाची बिलं निघाली की त्याच हसणाऱ्या बायका हळूच मागच्या दारानं यायच्या. एकगठ्ठा पैका हातात आला, की उसाच्या गावात काय वारं सुटतं ते त्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. ज्याला त्याला काहीतरी घ्यायचंच असतं. शेजारच्या तात्यांना फटफटी हवी होती. त्यांच्या बायकोनं आक्काला बोलावून अंगणात फटफटी काढून घेतली, हँडलसकट. तात्या दोन दिवस ऐटीत तिच्याभोवती फिरले. बाकीचे म्हशींना वळसा घालून नेता नेता मेटाकुटीला आले. शेवटी बायकोनं जिथं मोकळी जागा दिसली तिथं रेडकू बांधलं, आणि ती जागा नेमकी फटफटीची सीट निघाली. रेडकू सीटवर बसून रवंथ करतंय आणि तात्या बघतायत. त्यांनी स्वतःच ती पुसली. नंतर कित्येक दिवस गडी त्यांना विचारायचे, "काय तात्या, गाडी किती पळती?"

असं सगळं मजेत चाललं होतं. आणि मग बेबीला बघायला पाहुणे आले.

माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला. सुट्टीतच लग्न उरकायचं होतं, नाहीतर गोष्ट वर्षावर गेली असती. आक्काच्या दिरांनी स्थळ आणलेलं, त्यामुळं बोलणी तेच करणार होते. घोंगडी अंथरली, पोहे झाले, बेबीनं खाली मान घालून ताटल्या दिल्या. मुलगा सावळा, धिप्पाड, गप्प. मुलाचे वडील तांबडा पटका बांधलेले, आवाज असा की गोठ्यातली म्हैस कान टवकारेल. पसंती झाली. मी दारामागून बघत होते.

मग देण्याघेण्याचं निघालं. पाहुण्यांनी पटका सारखा केला आणि सुरू झाले. पोराला सायकल. मनगटी घड्याळ. रेडिओ, मोठा, लाकडी पेटीचा. लोखंडी कॉट. "आमचं म्हननं जास्ती न्हाई," म्हणाले, "ज्येवडी गरज हाय त्येवडंच."

तो गरज शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

आक्का आतून उठली. मी तिचा पदर धरला, पण ती आक्का होती. दिरांनी "वैनी" म्हणून डोळे वटारले, तेही वाया गेले. तिनं चंची सोडली, अंगणात गेली, आणि सगळ्यांच्या देखत सायकल काढायला सुरुवात केली. दोन चाकं, मधली दांडी, घंटी. शेजारी रेडिओ. मग कॉट, अगदी माणूस झोपेल एवढी. घड्याळ काढायला जागा उरली नाही म्हणून ते तिनं पायरीवर काढलं. कुंपणाशी अर्धं गाव गोळा झालं होतं.

"ह्ये काय चाललंय?" पाहुण्यांनी विचारलं.

"पाव्हणं, रागाला येऊ नका," आक्का हात झटकत म्हणाली. "आमच्या घरात काय बी घ्याचं तर असंच घेतो आमी. ही जराशी फक्की संगं न्या. तुमच्या दारात ह्येच काडा. बाजारापतुर बगा, कुनाचं काय अडतंय. जे अडंल ते मी देनार. शबूद हाय माजा."

तिच्या मनात काडीचं वाकडं नव्हतं, हे मी देवासमोर सांगीन. तिला खरंच वाटलं, की आपण यांना घरचंच माणूस समजून घरची रीत सांगतोय. पण पाहुण्यांचा चेहरा पटक्याहून तांबडा झाला. "आमची टिंगल करताय?" ते उठलेच. "चल रं. हितं येड्यांचा बाजार हाय." आणि रागारागानं निघाले ते सायकलवरून, रेडिओवरून, कॉटवरून पाय आपटत फाटकापर्यंत गेले. कुंपणावरचे गडी खो खो हसत होते. मुलगा मागं राहिला. त्यानं उंबऱ्याशी काढून ठेवलेले आपले फौजी बूट घातले, आक्काला हात जोडले, आणि गेला.

त्या दिवसापासून घरावर सुतक आलं. दीर म्हणाले, "वैनी, पोरीचं वाटुळं केलंत तुमी. ह्याच्या म्होरं मी स्थळ आननार न्हाई." बायका पाणवठ्यावर कुजबुजायच्या. आक्का वरवर "त्येंस्नी न्हाई पटलं, ऱ्हायलं," असं म्हणायची, पण भाकरी भाजताना दोनदा करपवली. आणि बेबी तर बोलायचीच बंद झाली. आईशी अक्षर नाही. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसायची.

मी शेवटी विचारलं, "बेबी, तुला तो आवडला होता का गं?"

तिनं गुडघे जवळ ओढले. मग म्हणाली, "मी मान वर कुटं केली, बाई. मी त्येचं बूटच बगितलं. समद्यांच्या चपला हिकडं तिकडं फेकल्याल्या, आन त्येचं बूट येकाला येक लावून ठेवल्यालं." आणि हळूच म्हणाली, "जाताना त्येचा बा सायकलीवरनं गेला. त्यो न्हाई गेला. त्यानं वळसा घातला."

अर्धं गाव कुंपणाशी होतं, आम्ही अंगणात होतो, आणि हे फक्त खाली मान घातलेल्या त्या पोरीनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी मी शाळेला निघाले तर उंबऱ्याशी दोन आकार. बूट. पुरुषाचे, मोठे, एकाला एक लावून ठेवलेले. फक्की ताजी होती. बेबी तुळशीला पाणी घालत होती. तेवढ्यात आक्का आतून आली आणि तिथंच थबकली.

"ह्ये काय गं?"

बेबीनं मान वर केली नाही. "बाजारापतुर ऱ्हाउंदे की," म्हणाली.

आक्का रेघांना वळसा घालून बाहेर गेली. बोलणार काय, कायदा तिचाच. तो सगळा आठवडा आम्ही तिघी त्या बुटांना वळसा घालून जात-येत होतो. बेबी झाडताना केरसुणी तिथं आली की हात आवरायची. पाण्याची घागर घेऊन येताना बाजूनं यायची. एकदा शेजारच्या तात्यांनी येता येता बुटावर पाय दिला, तर ही बया एवढी फणकारली, की ते बिचारे चपला हातात घेऊन आत आले. मला हसूही येत होतं आणि जीवही तुटत होता. आणि आक्का, जिनं आयुष्यात शंभर वस्तू आखल्या आणि पुसल्या, ती त्या दोन बुटांकडं बघायचंच टाळत होती. तिला भीती वाटत होती, स्पष्ट दिसत होतं. इकडं मुलाची सुट्टी संपत चालली होती, आणि कुणास ठाऊक, त्यांनी दुसरीकडं सुपारी फोडलीही असेल.

रविवार उजाडला. आक्का आंघोळ करून उंबऱ्यापाशी उभी राहिली. नेहमीचा प्रश्न तिच्या तोंडून निघता निघेना.

"बेबे," म्हणाली, "अडतंय का गं?"

"अडतंय," बेबी म्हणाली, आणि रडायला लागली.

पुढं काय झालं ते इतक्या झटपट झालं, की मला माझी चप्पलही धड घालता आली नाही. आक्कानं लुगडं बदललं, मला म्हणाली, "बाई, शाळंला सुट्टी हाय न्हवं? चला." दिरांच्या दारावरून जाताना हाक मारली, तर ते म्हणाले, "मुलीच्या बाजूनं आपनहून जायाचं? नाक कापून घ्याचं असंल तर जावा." आक्का म्हणाली, "भावजी, नाक माजं हाय," आणि पुढं निघाली. विट्याला गाडी बदलली, मायणीवरून दहिवडीकडं निघालो. उसाची हिरवी रानं मागं पडली. पुढं नुसता माळ, दगड, मेंढरं आणि ऊन. आक्कानं वाटभर खिडकीच्या गजाला धरलेला हात सोडला नाही.

पाहुण्यांचं घर वस्तीच्या टोकाला. आम्हाला बघून तांबडा पटका उभा राहिला. "या," म्हणाले, पण 'बसा' म्हणाले नाहीत. आणि माझं लक्ष अंगणाकडं गेलं आणि मी आक्काचा दंडच धरला. अंगणात सायकल होती. रेडिओ होता. अर्धी कॉटही होती. सगळं राखेनं काढलेलं.

"बगा," पाहुणे तडतडले. "तुमच्या नादानं आमचं पोरगं बी येडं झालं. रोज सकाळी चुलीतली राख घिऊन बसतंय. सांजला मेंढरं आली की समदं पुसून जातंय, सकाळी पुन्ना हाय तसं. आमी आमच्या दारात चोरावानी कडंकडंनं चालतोय."

मुलगा गोठ्यातून बाहेर आला, आक्काला बघून हात झटकायला लागला. हातांना राख होती.

माझ्या मनात आलं, पळत जाऊन बेबीला सांगावं. पण आक्का ती आक्काच. तिनं विचारलंच, "मग पाव्हणं, अडलं का कुनाचं काय?"

तेवढ्यात मुलाची आई डोक्यावर घागर घेऊन लांबून येताना दिसली. घामानं निथळत होती. तिनं आमच्यासमोर घागर उतरवली, दम खाल्ला, काय चाललंय ते ऐकलं, आणि म्हणाली, "अडतंय ते ह्येच्यात न्हाईच." मग तिनं स्वतः मूठभर राख घेतली आणि दाराच्या कडेला एक मोठा गोल काढला.

"पिंप," म्हणाली. "झाकनाचं. पानी आनलं तर साठवाय काय न्हाई घरात. दोन घागरी भरल्या की संपलं. पुन्ना पळा."

"अगं ए," पाहुणे म्हणाले. "चारचौगात पिंप मागती व्हय? लगनात?"

"तुमी कवा आनलंय पानी?" ती बाई शांतपणे म्हणाली.

आक्कानं पदर खोचला. "चला, मला हिर दावा," म्हणाली, आणि रिकामी घागर उचलून तिच्याबरोबर निघाली. मीही मागं गेले. माळावरून उतरत, ओढ्याचे दगड तुडवत गेलो, ते संपता संपेना. विहिरीत तळाला पाणी. आक्कानं घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि चढ चढताना तिचा श्वास मला मागं ऐकू येत होता. परत आली तेव्हा तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि डोळेही.

"पाव्हणं," ती म्हणाली, "पिंप मी देनार. दोन देनार. माजीच लेक ह्ये पानी वडनार हाय."

"आवं पर लोक काय म्हनत्याल? पिंपावर लगीन केलं म्हनत्याल."

तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. "म्हनूंद्या, आबा. लोक पानी आनून देत न्हाईत."

आबांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा बांधला. मग बायकोकडं बघून खेकसले, "अगं, बगत काय बसलीस, इहिणीला बसाय घोंगडं टाक की." मी तर तिथंच टाळी वाजवली. लाज सोडून वाजवली.

लग्न त्याच सुट्टीत झालं. हवालदार सुट्टी काढून आले, दारात मांडलेली दोन नवीकोरी पत्र्याची पिंपं बघून म्हणाले, "ह्ये काय?" आक्का म्हणाली, "अडत हुतं." त्यांनी पुढं विचारलं नाही, बिचाऱ्यांना बायको ठाऊक होती. वऱ्हाडाच्या ट्रकात नवरीच्या दोन्ही बाजूंना दोन पिंपं आणि वरून सगळं गाव हसतंय, पोरं पिंपांवर ताल धरतायत, वाजंत्रीवाले म्हणतायत आमची हलगी बंद ठेवतो, हेच चालू द्या. अशी पाठवणी मी पाहिली नाही. बेबी रडता रडता हसत होती. आक्का मात्र खणखणीत. "झाकनं नीट लावा रं," एवढंच ओरडत होती.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले, तर आक्का नवं लुगडं नेसून एस.टी.च्या थांब्यावर. हातात पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. हवालदार शेजारी उभे. मला बघून म्हणाले, "मला इचारू नका बाई, मी इचारून बसलोय."

"आक्का, कुठं निघालात?"

"दहिवडीला."

मी चक्रावलेच. बेबी परवा मांडवपरतणीला घरी येणारच होती, जावयासकट. आणि लेक माहेरी येऊन जायच्या आधी आईनं तिच्या सासरच्या दारात जायचं, हे आमच्याकडं अगदीच जगावेगळं. लोक काय बोलतील ते मला तिथं उभ्या उभ्या ऐकू यायला लागलं.

"काय झालं? कुणाचा निरोप आलाय? बेबी बरी आहे ना?"

"बरी असंल की. तिला काय हुतंय."

"मग तिथं काय अडलंय?"

गाडी आली. आक्का पायरीवर चढली, दांडीला धरून मागं वळली. इतक्या दिवसांत मी तिला असं कावरंबावरं कधी पाहिलं नव्हतं.

"कुनाचं काय बी अडलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "हौस आली. लय हौस आली."

"परवापर्यंत तरी थांबा की."

"न्हाई थांबत," आक्का म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटी मारली. ती पदरानं डोळे पुसत होती आणि मधेच आमच्याकडं बघून हसत होती, आणि शाळेची घंटा झाली तरी मी आणि हवालदार तिथंच उभे होतो.